एका वाक्यापुरता चार्ज

आधी जागा, मग माणूस, मग आपण. महत्त्वाचे काहीही सांगायचे असेल तर हा क्रम पाळावा, असे ज्यांनी मला शिकवले त्यांच्याविषयीच लिहायचे असल्याने तो मोडण्याचे धाडस माझ्याने होणार नाही.

तेव्हा आधी जागा. मस्कतमधील रुवी, आमच्या इमारतीमागचे पार्किंग, इथल्या सुटीच्या शुक्रवारची सकाळ. दुकानांची शटर खाली असतात, गावी पैसे पाठवण्याच्या एक्स्चेंजसमोर रांग नसते, आणि एरवी गाड्यांनी व्यापलेल्या त्या डांबरी चौकोनावर कबुतरे निर्धास्त चालत असतात. मग माणूस. पुरुषी, पूर्ण बाह्यांचा सदरा मनगटापर्यंत बटणे लावून घातलेल्या, हेल्मेटखाली सुती ओढणी घट्ट बांधलेल्या, पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासच्या बुटांतल्या एक उंच, शिडशिडीत बाई. आणि शेवटी मी: पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकायला निघालेली, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असतानाही हँडल दोन्ही मुठींत आवळून धरणारी, पूर्वी पुण्यात ग्रंथपाल असलेली एक गृहिणी.

"पडणार तर तू आहेसच," त्या म्हणाल्या. "फक्त कुठे पडायचं ते आधी ठरव. त्या पिकअपच्या बाजूला नको. इकडे पड, मोकळं आहे."

त्यांच्याकडून मला मिळालेले हे पहिले प्रोत्साहन.

त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणत. ओमानच्या अंतर्भागातील एका रुग्णालयात त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती, नंतर मस्कतमध्ये मेट्रन झाल्या, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना रुवीतल्या एका खाजगी दवाखान्यात अर्धा दिवस काम करीत होत्या. गाव रायगडच्या किनाऱ्यावरचे. लग्न केले नव्हते. का केले नाही असे कोणी विचारले की त्या विचारणाऱ्याची नाडी पाहत असल्यासारखा त्याचा हात धरीत आणि म्हणत, "वेग जरा जास्त आहे. शांत बस."

आमची ओळख त्या दवाखान्यातच झाली. आदल्या वर्षी माझ्या पतींच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि ह्यांनी चालण्याचा कंटाळा जाहीर केला. तेव्हा रक्तदाब मोजता मोजता सिस्टर म्हणाल्या होत्या, "मग विजेची सायकल घ्या. डॉक्टरांना विचारा आणि शुक्रवारी आमच्याबरोबर चला. ती सायकल नव्हेच. मागून ढकलणाऱ्या वॉर्डबॉयसकट मिळणारी व्हीलचेअर आहे."

डॉक्टरांनी परवानगी दिली. ह्यांना सायकलीचे असे काही वेड लागले की घरात दुसरा विषय उरला नाही. मी मात्र सायकल शिकले ती हौसेने नव्हे. हे कुठेतरी लांब जातील, तिथे छातीत दुखू लागेल, आणि मी रुवीच्या स्वयंपाकघरात भात उतरवत उभी असेन, हे चित्र मला स्वस्थ बसू देत नव्हते. ते टाळायचे असेल तर ह्यांच्या मागोमाग जाता येणे आवश्यक होते. मनातली ही भीती मी कोणालाही सांगितली नव्हती. सिस्टरांना ती सांगावी लागली नाही.

"नवऱ्यासाठी शिकतेयस ना?" तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी त्यांनी विचारले. मी मान डोलावली. "मग ब्रेक आधी शीक. पोचणं महत्त्वाचं."

चौथा सदस्य मिलिंद. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. आठवड्याची सुटी लागली की गाडीच्या मागे सायकल लादून मस्कतला येणारा, तिशीतला, हसरा, आणि आपल्या फोनवर मनापासून प्रेम करणारा. सायकलीच्या हँडलवर काळ्या रबरी पकडीत त्याचा फोन दिमाखात बसलेला असे. त्यावर नकाशा, वेग, चढ, मोटारीला किती ताकद लागते आहे याचा आलेख, हृदयाचे ठोके, शिवाय नाशिकच्या आईवडिलांना आपला मुलगा नकाशावर सरकणाऱ्या ठिपक्याच्या रूपात दिसत राहावा अशी सोय. वर गाणी. अर्ध्या रस्त्यात तो फोन हमखास मान टाकी.

सायकलीची बॅटरी शिल्लक आणि फोनची संपलेली, या प्रकाराचे त्याला विलक्षण दुःख होई. सिस्टरांना त्याचे मुळीच आश्चर्य वाटत नसे. त्या त्याच्या फोनकडे वॉर्डात राउंड घेतल्यासारख्या पाहत.

"स्क्रीन हा सगळ्यात खादाड पेशंट. उन्हात दिसावा म्हणून तू त्याचा उजेड पूर्ण चढवतोस, म्हणजे त्याला दुप्पट जेवण. त्याच्या शेजारी हा उपग्रहाशी बोलणारा, हा मोटारीशी बोलणारा, तो घड्याळाशी बोलणारा. आणि डोंगरात शिरलं की टॉवर सापडत नाही म्हणून सगळ्यात जोरात ओरडणारा. एवढे पेशंट आणि सलाईनची बाटली एक."

"सिस्टर, पण राइड नोंदली गेली नाही तर ती झालीच नाही ना!"

"असं? मग उद्या तुझ्या मांड्या दुखतील त्या कुणाच्या?"

त्यांच्या राज्यात एक नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. निघताना एकच फोन चालू. तो 'ड्यूटीवरचा'. बाकीचे विमान-मोडवर टाकून, पंचात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचे. प्रत्येक शुक्रवारी आम्हा तिघांत ड्यूटी बदले. ड्यूटीवरच्या फोननेसुद्धा डोळे मिटूनच काम करायचे, म्हणजे स्क्रीन बंद ठेवून वळण आले की नुसते बोलून सांगायचे. "नकाशा बघायचा असतो, बघत राहायचा नसतो," असे त्या म्हणत. "एकजण जागा राहतो म्हणून बाकीच्यांना झोपता येतं. सगळेच जागे राहिले तर सकाळी वॉर्ड कोण सांभाळणार?"

"पण ड्यूटीवरचा फोन संपला तर?" मी एकदा भीत भीत विचारले होते.

"तो संपण्यासाठीच असतो," सिस्टर म्हणाल्या. "झोपलेले असतात ना."

उन्हाच्या बाबतीतही त्यांचे शास्त्र ठरलेले होते. एकदा सीबच्या किनाऱ्यावरून परतताना मिलिंदचा फोन इतका तापला की त्याने स्वतःच स्वतःला बंद करून घेतले. बॅटरी निम्मी शिल्लक आहे आणि तरीही फोन उघडत नाही, या अन्यायाने चिडून त्याने तो थेट आमच्या बर्फाच्या पेटीत, लबानच्या बाटल्यांच्या मधोमध खुपसला. लबान म्हणजे इथले ताक; ते सायकलस्वारांच्या पेटीत असतेच. थोड्या वेळाने फोन बाहेर काढला तेव्हा त्याला आतून बाहेरून घाम फुटला होता, आणि त्यानंतर त्या फोनने कधीही डोळे उघडले नाहीत.

"ताप आलेल्या पोराला फ्रिजमध्ये ठेवशील का रे?" सिस्टर कळवळून म्हणाल्या. मिलिंदच्या नुकसानीपेक्षा त्या यंत्राच्या मरणाचे त्यांना खरेच वाईट वाटलेले दिसत होते. "आधी सावली. मग वारा. मग धीर. तुला धीर नाही, हे त्याचं मरणाचं कारण लिही."

त्यांचा स्वतःचा फोन हा आमच्या थट्टेचा कायमचा विषय. तो कोणी चालू स्थितीत पाहिलेला नव्हता. पंचाच्या घडीत, त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि हे सगळे इंजेक्शनच्या जुन्या स्टीलच्या डबीत. डबी हँडलच्या टोपलीत कधीही नाही. पाठीवरच्या पिशवीत, पाठीला लागून. मॉडेल इतके जुने की ह्यांनी एकदा गंभीर चेहऱ्याने शंका काढली, "सिस्टर, आत खरंच फोन आहे की नुसती डबी?"

"आहे."

"मग नवा का घेत नाही? बॅटरी केवढी मोठी येते हल्ली!"

"नवा घेतला की मीसुद्धा तुमच्यासारखी बघत बसेन. हा गुरुवारी भरते आणि झोपवते. याच्यात एक वाक्य आहे. फार तर दोन. मला पुरतात."

मिलिंदने मला हळूच समजावून सांगितले की जुन्या बॅटरीचे असेच होते. आकडा पूर्ण दाखवते, पण काम सांगितले की धाडकन खाली येते, आणि सिस्टरांचा हा हट्ट शास्त्राला धरून नाही. त्याचे म्हणणे खरे होते. ते सिस्टरांनाही ठाऊक होते, असे मला आता वाटते. त्यांनी फक्त आपल्या फोनची वाक्ये मोजून ठेवली होती.

'उरलं किती?' हा त्यांचा पालुपदासारखा प्रश्न. फोनच्या बाबतीत, पाण्याच्या, सायकलीच्या बॅटरीच्या, चहाच्या थर्मासच्या, इतकेच नव्हे तर माणसांच्या सुट्ट्यांच्या बाबतीतही. किती वापरले, किती अंतर कापले, यात त्यांना कधी रस वाटला नाही. याचे कारण त्यांनी एकदाच सांगितले. मस्कतच्या मत्रा बंदरावर समुद्रकाठी आम्ही बसलो होतो, मिलिंद कोणत्याशा नव्या ॲपचे गुणगान करीत होता, आणि सिस्टर एकदम बोलू लागल्या.

"तिकडे आत असताना रुग्णाला घेऊन मस्कतला यायचं म्हणजे भर दुपारी डोंगरातून रस्ता. ऑक्सिजनचा सिलिंडर एक. माझ्याबरोबरची मुलगी नवीन. तिला पेशंटचा आकडा छान दिसायला हवा होता. तो खाली गेला की ती प्रवाह वाढवायची. आकडा छान दिसायचा. मी पुढे ड्रायव्हरशी बोलत होते. मागे आले तेव्हा सिलिंडरचा काटा तळाला आणि शहर अजून डोंगरापलीकडे."

"मग?" मिलिंदने विचारले.

"मग पोचलो."

"पेशंट?"

सिस्टरांनी थर्मासचे झाकण घट्ट बसवले. "आम्ही पोचलो," त्या म्हणाल्या. "यल्ला, उठा. ऊन चढतंय."

माझ्या बाबतीत त्यांची एक निराळीच तक्रार होती. मला कोणतेही वाक्य सरळ सुरू करता येत नाही. 'माफ करा हं', 'तुम्ही कामात असाल तर नंतर बोलते', 'कदाचित माझंच चुकत असेल' अशा पायघड्या घातल्याशिवाय माझा शब्द पुढे सरकत नाही. दुकानदाराशी, वॉचमनशी, स्वतःच्या मुलाशीसुद्धा मी असेच बोलत आले. सिस्टरांना हे सहन होत नसे.

"प्रस्तावना नको, बाई," त्या मध्येच तोडीत. "मुद्दा."

एकदा त्यांनी मला पार्किंगमध्ये उभे करून चक्क तालीम दिली. मी वाट चुकले आहे, फोन मरायला टेकला आहे आणि त्यांना कळवायचे आहे, असे धरून चालायचे. मी हात कानाशी नेला.

"हॅलो सिस्टर, मी बोलतेय, सॉरी हं, तुम्हाला त्रास देतेय, पण झालं असं की..."

"मेला," त्या म्हणाल्या. "फोन मेला. तू बोलतेयस आणि तुला त्रास द्यायचा आहे, एवढंच कळलं मला. परत."

दुसऱ्यांदाही फोन मेला. तिसऱ्यांदा मी कुठे आहे ते सांगितले, पण 'बहुधा' जोडून. त्या दिवशी तो काल्पनिक फोन किती वेळा मेला याची गणतीच नाही. मिलिंद हसून हसून खाली बसला होता, हे इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून खांदे हलवीत होते.

"आधी जागा," सिस्टर शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "जागा कळली की कुणीतरी निघू तरी शकतं. मग माणसाला काय झालंय ते. तू कोण आहेस ते सगळ्यात शेवटी. त्याच्यावाचून काही अडत नाही. कळलं?"

त्यावर राग यायला हवा होता. आला नाही. तू कोण आहेस यावाचून काही अडत नाही, हे ऐकून मला जन्मात प्रथमच हलके वाटले.

त्या हिवाळ्यात आम्ही मस्कतपासून दूर, आतल्या भागातल्या इब्रा गावाच्या पुढे गेलो. सिस्टरांची मस्कतला येण्यापूर्वीची पहिली नेमणूक त्या भागातली. त्यांना तिथली एक वादी आम्हाला दाखवायची होती. वादी म्हणजे कोरडे नदीपात्र. दोन्ही अंगांनी उघडे तपकिरी डोंगर, तळाशी गोटे आणि मधूनच खजुराच्या बागांचा हिरवा पट्टा. गावाबाहेरच्या धरणापाशी गाड्या लावून आम्ही सायकलींवरून आत शिरलो. इतक्या लांबच्या वाटेवर ड्यूटी प्रथमच माझ्या फोनकडे होती. मला शाळेत मॉनिटर केल्यासारखा अभिमान वाटला आणि त्याच्या अनेक पटींनी धास्ती. स्क्रीन बंद ठेवायची हे पाठ होते; परंतु वळण चुकेल या भीतीने मी ती पुन्हा पुन्हा उजळीत राहिले. वादीत शिरताच टॉवर नाहीसा झाला आणि फोन त्याला शोधू लागला. परतीच्या वाटेवर बागेपाशी आलो तेव्हा माझा फोन संपला. मी सिस्टरांकडे ओशाळून पाहिले.

"ड्यूटी झाली त्याची," त्या म्हणाल्या. "दुसरा उठवू."

त्याच वेळी हे सायकलीवरून उतरले. सायकल स्टँडवर न लावता त्यांनी ती तशीच गोट्यांवर पडू दिली. नव्या सायकलीला ओरखडा पडला तर आठवडाभर हळहळणारा तो माणूस. मला तेवढ्यावरूनच कळले.

"जरा दाबल्यासारखं होतंय," ते म्हणाले आणि खाली बसले. कपाळावर घाम होता. वारा तर गार होता.

सिस्टर त्यांच्यापाशी कधी पोहोचल्या ते मला दिसलेच नाही. त्यांनी ह्यांच्या खिशातली जिभेखालची गोळी काढून दिली, आपल्या पिशवीतली दुसरी चावून खायला लावली, मनगट धरले आणि मान न वळवता म्हणाल्या, "मिलिंद, फोन."

मिलिंदने पिशवीतून आपला नवा फोन काढला. तो निपचित होता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "सिस्टर... मी आत ठेवूनच राइड रेकॉर्ड करत होतो. वाटलं, बाकीचे आहेतच की."

"अहो, तुमचा?" मी विचारले.

ह्यांनी डोळे मिटले. डॉक्टरांना पुढच्या भेटीत आपली प्रगती दाखवावी, प्रत्येक चढावर हृदय कसे चालले ते आलेखात दिसावे, म्हणून त्यांनीही फोन पिशवीत जागाच ठेवला होता; घड्याळाला आणि मोटारीला जोडून. तोही संपला होता. दुसऱ्याचा झोपलेला असेल, या भरवशावर प्रत्येकाने आपला जागा ठेवला होता. झोपलेला एकही नव्हता.

सिस्टरांनी पाठीवरची पिशवी एका हाताने पुढे ओढली, स्टीलची डबी काढली आणि माझ्या हातात दिली.

"चालू करू?" मी विचारले.

"इथे नाही! इथे टॉवर नाही. चालू केलास तर शोधता शोधता मरेल. तो वरचा चढ दिसतो? त्यावर पांढरी पाण्याची टाकी आहे. तिथे पोच, मग डबी उघड."

"सिस्टर, मिलिंदला पाठवा. मी... मला तो चढ..."

"मिलिंद मला इथे हवा. ह्यांना सावलीत उचलून न्यायचंय. आणि छाती दाबायची पाळी आली तर एकटीने निभत नाही, आळीपाळीने दाबावी लागते. तू नवऱ्याकडे बघत बसशील. तुझ्याने ते व्हायचं नाही. चढ होईल." मग त्यांनी डबीवर बोट टेकवले. "त्यात एक वाक्य आहे. प्रस्तावना नको."

मी ह्यांच्याकडे पाहिले. ते माझ्याकडेच पाहत होते. मी सायकलीवर बसले.

त्या चढाविषयी लिहावे असे पुष्कळ आहे आणि काहीही नाही. मी नेहमी भित्रेपणाने मोटारीची सर्वांत कमी ताकद वापरीत असे, म्हणून माझ्या सायकलीची बॅटरी शिल्लक होती. ती पूर्ण चढवली. डबी सदऱ्याच्या आत, पोटाशी होती, आणि प्रत्येक वळणावर वाटे की आता उघडावी, एकदाच पाहावे, कदाचित इथेच टॉवर मिळेल. तसे वाटे, तेव्हा दर वेळी सिस्टरांचे 'मेला' कानात येई. मागे वळून पाहावेसेही वाटे. बागेतून मला कोणी हाक मारीत आहे का? पण वळले असते तर पडले असते, आणि कुठे पडायचे ते मी ठरवलेले नव्हते.

टाकीपाशी पोहोचून मी डबी उघडली. पिशवी, पंचा, फोन. तो इतका थंड होता की बोटांना जाणवले. चालू केला. आकडा पूर्ण होता. टॉवरच्या रेघा उमटल्या. मी आपत्कालीन क्रमांक लावला. पलीकडे घंटा वाजत असतानाच तो पूर्ण आकडा निम्म्यावर आला, आणि मी पाहत असतानाच आणखी खाली.

एक पुरुषी आवाज अरबीत काही म्हणाला.

माझ्या ओठांवर 'सॉरी' आले होते. ते आलेच होते, हे मला स्पष्ट आठवते. मी ते गिळले आणि इंग्रजीत गावाचे नाव सांगितले. धरणाच्या वरच्या अंगाची वादी. खजुराची पहिली बाग. पुरुष, छातीत दुखते आहे, पूर्वी स्टेंट बसवलेला. पलीकडच्या आवाजाने गावाचे नाव पुन्हा उच्चारले. मी 'येस' म्हटले, आणि माझे नाव सांगण्यासाठी तोंड उघडले तेव्हा हातातला फोन काळा झाला होता.

त्यांनी सगळे ऐकले की नुसते गावाचे नाव, हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. मी फोन पुन्हा पंचात गुंडाळला, डबीत ठेवला आणि उतारावर लागले. ब्रेक आधी शिकवले होते ते कामी आले.

खाली आले तेव्हा हे सावलीत, मिलिंदच्या गुडघ्याला टेकून अर्धवट बसलेले होते. मिलिंद रडत होता. सिस्टर ह्यांचे मनगट धरून बसल्या होत्या आणि त्यांना दम देत होत्या, "बोलत राहा. तुमच्या मुलाचं नाव काय, परत सांगा. तो काय करतो? कुठे? जागा सांगा."

"सांगितलं?" त्यांनी मला विचारले.

"जागा सांगितली. आजार सांगितला. नाव राहिलं."

"नावाचं काही अडत नाही," त्या म्हणाल्या.

आम्ही वाट पाहिली. मी ह्यांचा दुसरा हात धरला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, कारण वेळ दाखवणारे आमचे प्रत्येक यंत्र संपलेले होते. मग बागेच्या टोकाला एक म्हातारा ओमानी शेतकरी दिसला. तो गाढवाला बाजूला ओढून वाट करून देत होता, आणि त्याच्यामागून धुरळा उडवीत पांढरी गाडी येत होती.

इब्र्याच्या आणि नंतर मस्कतच्या डॉक्टरांनी आपापले काम चोख केले. दुसरी एक रक्तवाहिनी आवळली होती. हे बरे झाले. आता ते फक्त समुद्रकाठच्या सपाट रस्त्यावर सायकल चालवतात आणि त्यांचा फोन पिशवीत खरोखरच झोपलेला असतो. मी तपासते.

मिलिंदला सिस्टर एका शब्दानेही बोलल्या नाहीत. हे त्याला फार जड गेले. शेवटी रुग्णालयाच्या आवारात तोच म्हणाला, "सिस्टर, एकदाचं झापा ना!"

"कशाला? तू उचललंस ना त्यांना." मग डबी त्याच्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "याची बॅटरी बदलून आण. नवी टाक. हट्ट वेगळा आणि मूर्खपणा वेगळा. अजून थोडी खाली असती तर हिचं वाक्य पुरं झालं नसतं."

त्याने बॅटरी बदलून आणली. त्यांनी ती भरली, फोन बंद केला आणि डबीत झोपवला. त्या फोनला त्यांनी पुन्हा कधी उठवल्याचे मी पाहिले नाही. पुढच्या शुक्रवारी त्या रुवीच्या पार्किंगमध्ये नेहमीच्या वेळी हजर होत्या. मी त्यांच्यापुढे उभी राहिले. जे म्हणायचे होते ते आठवडाभर घोळवून ठेवले होते आणि ते अर्थातच लांबलचक होते. मी तोंड उघडले.

"पाणी किती घेतलंयस?" त्यांनी विचारले. आभाराचा विषय तिथेच मिटला.

एवढे धैर्य, एवढी शिस्त एका माणसात कुठून येते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पुस्तकांच्या सहवासात आयुष्य गेल्याने शहाणपण म्हणजे साठवलेले ज्ञान, अशी माझी समजूत होती. सिस्टरांकडे साठवलेली गोष्ट निराळी होती. आपल्याला आत्ता जे नको आहे ते दुसऱ्या कोणाला नंतर लागेल, याचे भान त्यांनी अष्टौप्रहर पाठीला लागून वागवले होते, आणि त्यासाठी स्वतः नकाशा न पाहता चालण्याची त्यांची तयारी होती. मी त्यांच्या मागून सायकल चालवीत असताना ती पिशवी माझ्या डोळ्यांपुढे हलत असे. देवळातल्या गाभाऱ्याकडे पाहावे तसे मी तिच्याकडे पाहू लागले होते.

त्यांचा व्हिसा संपला तेव्हा त्या सगळे आवरून रायगडला परत गेल्या. सायकल त्यांनी मला दिली. विमानतळावर मिलिंद आणि हे दोघेही डोळे पुसत होते. सिस्टर मला म्हणाल्या, "शुक्रवारी फोन कर. सकाळी. मी डबी उघडून बसेन."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी फोन करते. त्या 'हॅलो' म्हणत नाहीत. पलीकडे फोन उचलला गेल्याचा आवाज येतो, कधी लांबवर समुद्राचा, आणि मी नेहमीच्या क्रमाने सांगते: "रुवी. घरीच आहोत. हे बरे आहेत. मी बोलतेय." त्या "खलास" म्हणतात आणि ठेवून देतात. एवढेच. एका वाक्यात मावणारे.

मागच्या शुक्रवारी मात्र मी तसे सांगितल्यावर 'खलास' आले नाही. समुद्राचा आवाज येत राहिला. मला वाटले, फोन मेला. मी तो कानापासून दूर करणार, एवढ्यात त्यांनी विचारले,

"तुझ्याकडे चार्ज उरलाय किती?"

"भरपूर आहे, सिस्टर."

"माझाही आहे," त्या म्हणाल्या. "मग कर आता तुझी प्रस्तावना."